प्रेस शॉपमधले मास्तर

मास्तरांसमोर ‘कंटाळा आला’ म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर कुठे दुखतं ते विचारतो तसं ते लगेच विचारायचे, “कसला?” आवाजाचा असेल तर एकसुरी म्हणा, जेवणाचा असेल तर अळणी, भाषणाचा असेल तर रटाळ. ‘नीरस’ हा शब्द मात्र ते जपून वापरू द्यायचे. “उसाचं चिपाड नीरस असतं, ताई. दगड नीरस नसतो. आधी रस असावा लागतो.” हे सगळं चाकणजवळच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेसच्या दणक्यांवर आवाज चढवून चालायचं.

मराठवाड्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी चौदा वर्षं मराठी शिकवलं होतं. अनुदान काही आलं नाही, शाळा बंद पडली, आणि पन्नाशीला टेकलेले मास्तर कुरुळीत खोली घेऊन एका ठेकेदाराकडे लागले. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या प्रेसमधून बाहेर पडल्या की त्या उचलायच्या, उलट्या करायच्या आणि उजवीकडच्या क्रेटमध्ये रचायच्या, एवढंच काम. कंपनीत वरचे सगळेच ‘सर’, म्हणून हे मास्तर. अक्षर देखणं, त्यामुळे रजेचे अर्ज, फळ्यावरच्या सूचना, कामगारांचे जबाब, सगळं लिखाण त्यांच्याकडे यायचं. मी डिप्लोमा करून क्वालिटीत लागले होते. माझं तपासणीचं टेबल त्यांच्या क्रेटला लागूनच होतं.

कंपनीचा दिवाळीला छोटासा अंक निघायचा. त्यासाठी मी प्रेसवरच्या एका कामगाराची गोष्ट लिहिली आणि मोठ्या उमेदीने मास्तरांना दिली. चहाच्या सुट्टीत त्यांनी ती वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या. तीन पानांत ‘कंटाळवाणे’ नऊ वेळा होतं. शिवाय यांत्रिक, रुक्ष, चाकोरीबद्ध.

“ही सगळी खिडकीतून बघणाऱ्याची विशेषणं,” ते म्हणाले. “मशीनवरच्या माणसाला विशेषण सुचत नाही. त्याचा हात कुठे जातो ते लिहा.”

मला राग आला. तो त्यांच्या लक्षात आला असावा, कारण मग त्यांनी स्वतःचंच सांगितलं. रविवारी बायको ताटात भाकरी वाढते, तेव्हा ते ती उचलतात, उलटी करतात आणि उजवीकडे नीट रचून ठेवतात. पहिल्यांदा बायको हसली होती. आता ती भाकरी परत ताटात ठेवते.

गोष्ट मी पुन्हा लिहिणार होते. त्याआधीच रामेश्वरचं झालं.

रामेश्वर आमच्या शेजारच्या प्रेसवर होता. ही प्रेस खरं तर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालायची नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नव्हता. पण काम लवकर उरकावं म्हणून बटणं बंद करून पायाचं पेडल जोडलं होतं. त्या दिवशी मी दुसऱ्या शिफ्टला आले तेव्हा तो सकाळी सातपासून उभाच होता. बदली माणूस आला नव्हता. संध्याकाळी मी सहज मान वर केली. त्याचे डोळे उघडे होते, समोरच्या भिंतीवर होते, आणि हात आपले आपण चालले होते. पत्रा, पाय, पत्रा, पाय. मग एकदा पाय आधी पडला. तो ओरडला नाही. पुढचा पत्रा उचलता येईना तेव्हा त्याने खाली पाहिलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मास्तरांना अहवाल लिहायला बसवलं आणि कारण सांगितलं: कामगाराचा निष्काळजीपणा. मास्तरांनी लिहिलं ते असं: ‘बटणांऐवजी पेडल होते. बारा तास एकच हालचाल केल्याने हात आणि लक्ष यांची ताटातूट झाली.’

मॅनेजरांनी कागद वाचून टेबलावर टाकला. इथे साहित्य नको, म्हणाले.

“साहित्य नाही साहेब,” मास्तर म्हणाले, “झालं ते लिहिलंय.”

अहवाल मग दुसऱ्याकडून टाइप करून घेतला गेला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी तेव्हा प्रोबेशनवर होते, कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. वाचलं, ‘निष्काळजीपणा’ या शब्दावर थांबले, आणि सही केली. रामेश्वरला गावी पाठवलं. मला पत्र मिळालं. महिनाअखेरीला ठेकेदाराने मास्तरांना उद्यापासून येऊ नका सांगितलं.

निघताना ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. ते रागावले नाहीत. रामेश्वर केस करणार आहे, एवढंच सांगितलं. मग म्हणाले, “तुम्हाला बोलावतील ताई. तेव्हा शब्द शोधत बसू नका.”

त्यानंतर आम्ही भेटलो नाही. ते गावी परतले, आणि दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले होते. वहीत माझा नंबर होता म्हणून कळवलं, म्हणाली.

केस उभी राहिली ती त्यानंतर. कोर्टाकडून साक्षीचा कागद आला तेव्हा घरात चर्चा झाली. नवरा म्हणाला, नोकरीचा विचार कर. मी केला, आणि गेले. कंपनीच्या वकिलांनी अहवाल समोर धरून ही सही तुमचीच ना, असं विचारलं. मी म्हणाले, “सही माझी आहे. शब्द माझा नाही.” मग जे पाहिलं ते सांगितलं: पेडल, भिंतीवरचे डोळे, आपले आपण चाललेले हात. एकही विशेषण तोंडात आलं नाही. पाच-सात मिनिटांत संपलं.

निकाल अजून लागलेला नाही. मला प्रेस शॉपमधून काढून गोडाऊनच्या कोपऱ्यात बसवलं आहे, तिथे दिवसभर विशेष काम नसतं. त्या दिवशी साक्ष देऊन मी मागे वळले तेव्हा रामेश्वर शेवटच्या बाकावर बसला होता. मी आल्यापासून त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता. माझ्याकडे बघत त्याने तो बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढच्या बाकावर ठेवला.