शांत वर्गाची कॅसेट

मुलांनो, मी कर्वेनगरला कॉलेजात शिकवत असताना माझी एक विद्यार्थिनी पाय मोडून धायरीला घरी पडून होती. तिच्यासाठी मी रोजचा तास टेप करत असे. वर्ग पूर्ण शांत झाल्याशिवाय मी बटण दाबत नसे. कॅसेटची ने-आण तिची मैत्रीण करी.

एकदा ती मैत्रीण चाचरत म्हणाली, "मॅडम, ती म्हणते, टेप जरा आधी सुरू करा ना. आमचा गोंधळ चालू असतो तेव्हाच."

"गोंधळावर परीक्षेत प्रश्न येत नाहीत," मी म्हटलं.

"हो मॅडम. पण त्याशिवाय तिला वर्गात बसल्यासारखं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर टेप सुरू करून दाराबाहेर उभी राहिले. बाकं सरकली, कुणीतरी माझी नक्कल केली, सगळे हसले. तेवढी एक कॅसेट परत आलीच नाही.

रविवारी तुम्ही फोनसमोर नीट बसता, "आजी, कशी आहेस?" विचारता आणि फोन बंद करता. पुढच्या वेळी तो तसाच चालू ठेवून जेवणाच्या टेबलावर राहू द्या. भांडा, सांडा, हवं तर इंग्रजीत बोला. मी इथे गप्प बसून ऐकेन.