मालनच्या बोटांचं गाऱ्हाणं

अंधेरीच्या मोफत कायदा केंद्रात मालन परब पहिल्यांदा आली, तेव्हा दीप्ती गद्रेने तिला पाण्याचा पेला दिला आणि मग जीभ चावली. पेला तिने मालनच्या उजव्या हाताकडे धरला होता, आणि त्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढंच उरलं होतं. मालनने तो डाव्या हाताने घेतला. "होता असा. माझो पण तोच हात पुढे येता," ती म्हणाली.

दीप्ती मुलुंडची, वकिली सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालेलं. मालन पन्नाशीची विधवा, कांदिवलीला राहणारी, आजा आणि बाप दोघेही गिरणीत होते. नऊ वर्षं ती मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा कापणाऱ्या मशीनवर बसत होती. गाळा राजेश गावडेचा, आणि राजेश तिच्याच गावचा. गाववाल्यांत कागद कसला मागायचा? हजेरीपुस्तकात नाव नाही, पगाराची चिठ्ठी नाही, पाकीट हातात. आपली माणसं आहेत म्हणून विश्वास ठेवायचा, आणि त्याच विश्वासावर माणसं हात तोडून घेतात. अपघातानंतर राजेशने हॉस्पिटलचं बिल भरलं. भरपाईचं नाव काढल्यावर मात्र त्याने कोर्टात लिहून दिलं, की मालन आपल्याकडे कामाला नव्हतीच. गावची म्हणून अधूनमधून भेटायला यायची.

कामाला होती हे सिद्ध झालं नाही, तर मालनला एक पैसा मिळणार नव्हता. आणि तो हात आता कुठलंच मशीन चालवू शकत नव्हता.

दीप्तीने तिला कायद्याच्या शेवटी जोडलेली यादी वाचून दाखवली. तीन बोटं गेली तर कमावण्याची शक्ती तीस टक्के गेली असं धरायचं. मधलं बोट एकटं गेलं तर इतकं, नुसतं पेर गेलं तर इतकं.

"करंगळी पण लिवलीय?"

"लिहिली आहे. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा आहे, मावशी."

मालनने ते पान आपल्याकडे ओढलं. तिचा आजा गिरणीत लागायच्या आधी कुणीतरी टेबलाशी बसून कामकऱ्यांच्या करंगळीचा विचार केला होता, हे तिला खरंच वाटेना. तिने त्या ओळीवर तर्जनी ठेवली आणि हळूच म्हणाली, "बरो माणूस असतलो." दीप्ती ही यादी परीक्षेपुरती पाठ करून विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

अडचण दुसरीच होती. मशीनच्या पात्यापुढची जाळी अपघाताच्या दिवशी जागेवर नव्हती, आणि ती मालननेच काढली होती. खंडेनवमीला मशीन धुऊन पुजायचं, तर जाळी काढावीच लागते. अपघात त्यानंतरचा. आता, कामगाराने मुद्दाम जाळी काढली असं ठरलं, तर मालक सुटतो. दीप्ती म्हणाली, "विचारलं तर आठवत नाही म्हणा. त्यात खोटं काही नाही."

"आठवता तर," मालन म्हणाली.

उलटतपासणीच्या दिवशी राजेशच्या वकिलाने तेच विचारलं. "जाळी तुम्हीच काढलीत, हे खरं ना?"



"होय. मीच काढली," मालन म्हणाली. "दर नवमीला मीच काढते, दसऱ्याला मीच लावते. त्या वर्षी लावायला घेतली, तर शेठ म्हणाले राहू दे, दिवाळीची ऑर्डर आहे, जाळीने हात अडतो."

संपलं, असं दीप्तीला वाटलं. तेवढ्यात न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, बाई तुमच्याकडे कामाला नव्हत्या म्हणता. मग नवमीला तुमच्या मशीनची जाळी पाहुण्या काढतात?"

वकिलाने कागद चाळले. मालन थांबली नव्हती. "साहेब, पूजेला गाऱ्हाणं शेठनीच घातलं. माझं नाव घेऊन. ते समोर बसलेत, त्यांना विचारा."

दीप्तीला गाऱ्हाणं म्हणजे काय हे पुरतं ठाऊकही नव्हतं. मालनने तिला बाहेर बाकावर बसून सांगितलं: देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं, आणि सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग पुढच्या तारखेला राजेश पिंजऱ्यात उभा राहिला, तेव्हा दीप्तीने ठरवलेले सगळे प्रश्न बाजूला ठेवले.

"खंडेनवमीला तुम्ही गाऱ्हाणं घातलं?"

"घातलं."

"त्यात काय म्हणालात?"

राजेशने मालनकडे पाहिलं. कोर्टाची शपथ त्याने घेतली होती, तिचं त्याला विशेष काही वाटलेलं दिसत नव्हतं. पण हे देवापुढे बोललेलं होतं. त्याचा आवाज एकदम उतरला. "बा देवा म्हाराजा, ही मालन ह्या मशीनीर बसता, हिच्या हातापायाक सांभाळ."

आणि मालन, आपल्या जागेवर बसल्या बसल्या, सवयीने पुटपुटली, "व्हय म्हाराजा."

 दीप्ती तिच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाने हिला ओळख दाखवली नाही, त्याच्या मागण्याला ही बाई अजून मनापासून होकार देत होती. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. जाळी परत लावू नको असं कोण म्हणालं? राजेश मान खाली घालून म्हणाला, "मीच."

पाच महिन्यांनी निकाल लागला. तीन बोटं, तीस टक्के, अपघाताच्या दिवसापासून व्याज. दीप्तीने केंद्रात बसून तो मराठीत वाचून दाखवला. मालनने डोळे पुसले, निकालाची प्रत पिशवीत घातली. पण उठली नाही.

"आणखी एक अर्ज लिही गो बाय. कारखान्यांच्या सरकारी तपासनिसाला. त्या मशीनीवर आता जया बसते, आणि जाळी अजून लावलेली नाही."

दीप्तीने कागद ओढला. "जयाच्या नावाने लिहू?"

"तिच्या नको, तिची नोकरी जाईल. माझ्या नावाने लिही," मालन म्हणाली. "माका आता कामावरून कोण काढतला?"