लॅमिनेशन केलेली कूपनं

समस्त कुटुंबीय, शेजारीपाजारी आणि दारात बांधलेली शेळी यांना कळवण्यात येते की, आज सूर्योदयापासून या घराच्या किराण्याचा कारभार माझ्या एकटीच्या हाती आला असून, यापुढे सूट मिळाल्याशिवाय विकत घेतलेली चिमूटभर हळदसुद्धा हा उंबरठा ओलांडणार नाही.

हे फर्मान मी स्वयंपाकघरात पाटावर उभी राहून, झारा राजदंडासारखा धरून वाचलं. प्रजेत फक्त आमचे हे होते. ते दाढी करत होते. मान न हलवता "बरं" म्हणाले.

हसा, हसण्यासारखंच आहे. पण झारा मी उगाच उचलला नव्हता. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि हे एजन्सीमार्फत लागलेले कारकून, त्यांचा पगार येतो तेव्हा येतो. त्या उन्हाळ्यात तो यायचाच थांबला होता. विहीणबाई बोथ गावच्या. फोनवर त्यांनी अगदी मायेने सांगितलं की पोरीला सोडायला रविवारी त्या स्वतः येतील, आणि आमच्याकडे जमत नसेल तर संकोच नको, आल्या पावली तिला परत नेतील. विहीणबाईंची एक कला आहे. गप्पा मारता मारता त्या यजमानाच्या डब्यांची झाकणं उघडतात, आणि गप्पांत खंड पडत नाही. तूप, डिंक, खारीक, खोबरं, बदाम हे डबे भरलेले दिसले तर लेक माझ्याजवळ राहणार होती. रिकामे दिसले तर नाही.

आदिलाबादला नवीन मोठं दुकान निघालं होतं. तिथे दर खरेदीवर एक कूपन मिळायचं. कुठलं तुपावर, कुठलं तेलावर, कुठलं सुक्या मेव्यावर, आणि सगळी वटवायची एकाच आठवड्यात, विहीणबाई यायच्या त्याच्या आधीच्या. मी आमच्या तामसी गावातली निम्मी गल्ली पिंजून काढली. लोक ही कूपनं पिशवीच्या तळाशी विसरतात, त्यात शेंगा बांधून देतात. शेजारच्या वहिनींनी तर एकावर पोराचं नाक पुसलं होतं. तेही मी धुऊन, उन्हात वाळवून घेतलं.

आता नियोजन. त्या दुकानात एकदा एक बाई पैसे द्यायच्या वेळी पर्समध्ये कूपन शोधत बसली होती, आणि मागच्या रांगेने तिचा जो उद्धार केला तो मी ऐकला होता. माझं तसं होणं शक्य नव्हतं. मी काही न घेता दुकानातून दोन फेऱ्या मारून आले. दारातून शिरल्यावर आधी तांदूळ, मग डाळी, वळणावर तेल, पार मागे तूप, आणि बदाम-खारका अगदी काउंटरपाशी, नोकरांच्या नजरेखाली. त्याच क्रमाने मी कूपनं लावली आणि प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मग डोळे मिटून खाटेवर बसायचं आणि मनातल्या मनात दुकान फिरायचं. मनातली सामानाची गाडी कुठे अडखळत नव्हती. त्या रात्री मला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

हे सगळं ह्यांनी बघितलं आणि त्यांचं मन भरून आलं. आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. माझे सासरे दुसऱ्याच्या शेतात राबले, आणि पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत खेटे घालून थकले. मिळालेला दाखला त्याच पावसाळ्यात छप्पर गळून भिजला, आणि सगळे खेटे पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून आमच्याकडे महत्त्वाचा कागद आला की त्याचं लॅमिनेशन होतं. मार्कशीट, आधार, लग्नपत्रिका, बोअरच्या मोटारीची गॅरंटी. घरात लॅमिनेशन व्हायची राहिलेली मी एकटीच.

शनिवारी सकाळी बसमध्ये ह्यांनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली. आमच्या तेलंगणात बायकांना बस फुकट, त्यामुळे मी राणीसारखी बसलेली आणि हे तिकीट काढून उभे. फाइल उघडली तर माझी सगळी कूपनं, माझ्याच क्रमाने, एकेक वेगळं, चकचकीत, कोपरे गोल कापलेले. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. लग्नानंतर ह्या माणसाने मला दिलेली ती सगळ्यात देखणी वस्तू होती. मी ती बसभर मिरवली.

दुकानात मी वाऱ्यासारखी फिरले. कुठे थांबले नाही, कुठे शोधलं नाही. भरलेली गाडी काउंटरला लावली आणि पत्त्यांचा डाव टाकावा तशी कूपनं पसरली.

काउंटरवरच्या पोरीने एक उचललं, उलटं केलं, बोटाने चाचपलं. मग हिंदीत हळूच म्हणाली, "अम्मा, इसको खुरचना पड़ता."

कूपनावर एक रुपेरी पट्टी होती. ती तिने खरडायची, खालचा नंबर कॉम्प्युटरला सांगायचा, मग सूट. पट्टी आता जाड प्लास्टिकच्या आत होती, काचेआडच्या मिठाईसारखी. पोरीने नख लावलं, नाणं लावलं, शेवटी कात्री आणली. प्लास्टिक सोललं तर त्याला चिकटून पट्टीही निघाली आणि पट्टीला चिकटून नंबरही. खाली कोरा कागद. दुसरं सोललं, तेच. तिसरं तुपाचं होतं. तेही कोरं. मॅनेजर आला, त्याने कूपन उजेडात धरलं, आमच्याकडे वाईट वाटून बघितलं आणि मान हलवली. नंबराशिवाय कॉम्प्युटर ऐकत नाही.

मागची रांग च्यक् च्यक् करायला लागली. मी गाडीतून बदाम काढून ठेवले. मग खारीक, मग खोबरं, मग डिंक. तुपाचा डबा हातात जरा वेळ राहिला, मग तोही ठेवला. तांदूळ आणि तूरडाळ तेवढी राहिली. मी ह्यांच्याकडे न बघता म्हटलं, बोथला फोन लावा, उद्या येऊ नका म्हणा, पोरीला तिकडंच राहू द्या.

ह्यांनी फोन काढला नाही. उरलेली कूपनं गोळा केली, कडा जुळवून नीट गठ्ठा केला, शर्टाने पुसला, आणि कुणालाही न उद्देशून, पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"पन आता हे कदीच खराब होनार नाई."