दाजींचं नाव राहिलं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज बसतो. अशा मुलाने कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, तो वाचकांनी पोटात घालावा. पण आमच्या दाजींवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि अख्ख्या इंदापूर तालुक्यात असा दुसरा माणूस सापडायचा नाही, ज्याने जन्मभर सगळ्या जगाची ओळख करून दिली आणि स्वतःची मात्र एकदाही नाही.

दाजी निमगाव केतकीचे. लग्नात, साखरपुड्यात, सत्कारात माईक धरायचा आणि आलेल्या पाहुण्यांचं नाव घेऊन स्वागत करायचं, हा त्यांचा धंदा. नुसतं नाव घेऊन ते कुणालाच सोडत नाहीत, प्रत्येकाबद्दल काहीतरी चांगलं बोलतात. कोऱ्हाळ्याच्या एका लग्नात असे एक तात्या आले, की त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं तर सख्ख्या भावालाही विचार करावा लागला असता. दाजी क्षणभरही अडखळले नाहीत. “ज्यांनी आजवर कुणाच्याही घरची पंगत चुकवली नाही, असे आपले तात्या!” तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पणदऱ्याला आमच्या घरी आले की दाजी गोठ्यातल्या नव्या गाईचीही ओळख करून देतात, तीही तिच्या मालकाला, म्हणजे माझ्या वडिलांना: “शांत स्वभावाच्या, धारेला वक्तशीर, आणि शेजाऱ्याच्या घासात कधीही तोंड न घालणाऱ्या...” वडील म्हणतात, “दाजी, गाय हाय ती. तिला सभापती नका करू.”

त्यांचे आवाज दोन. घरात ‘हाय-न्हाय’ आणि माईकवर छापील मराठी. घरातला आवाज मी माईकवर कधीच ऐकला नव्हता. दुसरी खोड अशी, की माईक हातात असला की कानात कुणी जे कुजबुजेल ते दाजींच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडतं. मध्ये विचाराला थांबा नाही. एकदा आचारी घाबरून कानाशी लागला, आणि सगळ्या मंडपाने ऐकलं, “जिलबी संपली असून पंगत तूर्त थांबवण्यात येत आहे.” नवरीच्या मामांनी तेव्हापासून दाजींशी बोलणं टाकलंय.

अशा या दाजींच्या मनात आलं की मंडपवाले, आचारी, वाजंत्री या सगळ्यांना एकत्र आणून कंपनी काढावी, आणि त्यासाठी आधी शिकावं. पुण्याच्या एका बिझनेस स्कूलमध्ये नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम होता. पदवी त्यांनी बाहेरून केव्हाच मिळवली होती. पण अर्जाला वयाची अट होती आणि दाजींचं हे शेवटचं वर्ष. “ह्या साली न्हाय, तर कदीच न्हाय, पाव्हणं,” ते मला म्हणाले. मला ते पाव्हणंच म्हणतात. अर्ज मी माझ्या मोबाईलवरून भरला. शेवटी एक मिनिटाचा व्हिडिओ मागितला होता: स्वतःची ओळख कल्पकतेने करून द्या. मला वाटलं, हा तर दाजींच्या हातचा मळ!

दाजींच्या घरामागच्या पानमळ्यात मी मोबाईल धरून उभा राहिलो. दाजी इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सुरू झाले. आधी वडील, मग आई, मग शाळेतले गुरुजी, पहिल्यांदा माईक हातात देणारा मंडपवाला, मग जनरेटर सांभाळणारा दोस्त... मिनिट संपलं.

“दाजी, तुमचं नाव राहिलं.”

“घेतो की. आदी मोठी मान्सं.”

पुन्हा केलं. या खेपेला गुरुजी गाळले, तर चपात्या लाटणाऱ्या बायका आल्या. ताई ओट्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. “अवो, सोत्ताचं बोला! लग्नाला आलाय का तुमी?”

“आगं, मला कुटं काय येतंय? मान्सं बोलवतो, मान्सं बसवतो. त्येंच्याबिगर माजं काय सांगू?”

हे ते गमतीने म्हणाले नव्हते. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. शब्दांचा एवढा मोठा मालक आणि स्वतःसाठी त्याच्याकडे एक वाक्य नसावं, याचं मला त्या दिवसापासून कुतूहल आहे. संध्याकाळी मुदत संपणार होती. शेवटच्या व्हिडिओत ते स्वतःच्या नावाच्या अगदी जवळ आले होते. “आणि या सर्वांची ओळख करून देणारा मी...” म्हणाले, आणि मिनिट संपलं. तोच मी भीतभीत पाठवून दिला.

पुढे मुलाखतीचं बोलावणं आलं. दाजी जाऊन आले. ‘काय विचारलं?’ म्हटलं, तर म्हणाले, “च्या चांगला हुता.” त्यानंतर त्यांनी विषयच काढला नाही. मात्र माझा मोबाईल वाजला की बोलता बोलता थांबायचे.

मेल आला तेव्हा मी बारामतीजवळच्या एका लग्नात पंगतीत बसलो होतो, आणि दाजी स्टेजवर होते. दाजींची निवड झाली होती; का केली, ते मेलमध्ये काही लिहिलेलं नव्हतं. मी उष्ट्या हाताने उठलो. एवढ्या माणसांसमोर स्टेजवर मी जन्मात कधी चढलो नव्हतो. दाजींच्या कानाशी गेलो आणि त्यांच्याच छापील भाषेत एकेक शब्द सावकाश सांगू लागलो. सवयीप्रमाणे ते बोलत गेले: “निमगाव केतकीचे...” मग वडिलांच्या नावासकट त्यांचं पूर्ण नाव. “...यांची पुणे येथील बिझनेस स्कूलमध्ये निवड...”

आणि माईक गप्प झाला. वाढपी हातातली बादली घेऊन तसेच उभे. जनरेटरवाला वायर तपासायला धावला. वायरीला काहीच झालं नव्हतं. मग लाऊडस्पीकरमधून, सगळ्या मंडपात, दाजींचा घरातला आवाज आला.

“खरं का, पाव्हणं?”