अडीच तासांवरचा पोरगा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. घाटकोपरच्या आमच्या खोलीत दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या.

"सरळ धरा हो. चाळीस वर्षं झाली, अजून वाकडंच."

"तूच वाकडी गं," मी म्हणालो.

हसली. चहा टाकायला ओट्याकडे गेली नि तिथेच खाली बसली. उठलीच नाही. डॉक्टर आला, नाडी बघितली, मान हलवली. सकाळचे नऊ वाजले होते. मे महिना.

पोरगा मस्कतला. एकुलता. फोनवर एवढंच बोलला, "बाबा, निघतो. मी येईपर्यंत आईला हलवू नका."

मस्कत ते मुंबई दीड हजार किलोमीटर, विमानाने अडीच तास. तो पहिल्यांदा गेला तेव्हा तिकीटवाल्याने सांगितलं होतं. आम्ही ते पाठच केलं. कुणी म्हणालं, पोरगा लांब आहे ना, की ती फटकन सांगायची, "लांब कसला? गावाला जायला एसटीने दहा तास लागतात. तो अडीच तासांवर आहे." मीही तेच सांगायचो. सांगून सांगून आम्हालाच खरं वाटायला लागलं.

शेजारीण म्हणाली, "काका, काकूंना ठेवायला बर्फाची पेटी मागवते."

मी ओरडलोच. "कशाला पेटी? अडीच तासांत येतोय तो. तिला थंडी सोसत नाही."

तिचा भाऊ माहेरची साडी घेऊन आला. बायकांनी हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं. मी घड्याळाकडे बघत बसलो. बारा वाजले. डोक्यावरून विमान गेलं की वाटायचं, ह्यातच असेल.

दोनला त्याचा फोन आला. "बाबा, अजून गाडीतच आहे. कामाच्या साइटवरून विमानतळ सहा तास लांब. तिकीट रात्रीचं मिळालंय. पहाटे उतरतो."

साइट वाळवंटात आहे हे मला ठाऊक होतं. फोटो बघितले होते. तरी ते सहा तास मी कधी हिशोबात धरलेच नाहीत. मग पेटीसाठी धावाधाव केली. एकही मोकळी नव्हती.

चारच्या सुमाराला तिचा भाऊ हळूच म्हणाला, "भावोजी, ह्या उकाड्यात आता नाही ठेवता येत. तुम्हीही बघताय."

बघत होतोच. पोराला फोन लावला. "फोनवर तोंड बघतोस का आईचं?"

"नको. मी येऊन बघणार."

"नाही थांबता येत, बाळा."

 त्याने फोन बंद केला. दिवस मावळायच्या आत मीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिक्षा करून विमानतळावर गेलो. बाहेर कठड्याला धरून उभा राहिलो. तो आला. पाठीवर एकच पिशवी. पाया पडला नाही.

"पेटी का नाही मागवली?"

"मी नको म्हणालो."

 त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घरी नको," म्हणाला, "स्मशानातच चला."

रिक्षा स्मशानाच्या गेटाशी थांबली. तो उतरला नि आत गेला. मला जाववेना. मी गेटाबाहेरच उभा राहिलो.