मांजराचं पाप कुणाच्या माथी

परवा सातारा रोड स्टेशनात मी एक करंडी घेऊन उभा होतो... आणि करंडीत मनी. मनी म्हणजे आमच्या आक्काचं मांजर. लग्न होऊन आक्का सांगलीला गेली, तेव्हा मनी मेढ्याला आईपाशीच राहिली.

मागच्या पंधरवड्यात आक्काचं तान्हं पोर तापानं गेलं. तेव्हापासून ती बोलत नाही. कुणी बळंच भरवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही... दाजींनी निरोप धाडला, कुणीतरी या.

आईला गुडघ्यांनी उठवत नाही, आणि मी नेमका मध काढणाऱ्यांबरोबर रानात. (पोळ्याला धूर कसा देतात, हे एकदा नीट सांगण्यासारखं आहे... पण आत्ता नको.) परत आलो, तर आईनं करंडी हातात दिली. "मानसांचं ती ऐकंना झालीया. हिला तरी ने."

तिकीटमास्तर म्हणाले, मांजर माणसांच्या डब्यात चालणार नाही. कुत्र्यासारखं गार्डच्या डब्यात जाईल. ठीक, म्हणून गार्डसाहेबांकडं गेलो, तर ते दोन पावलं मागंच सरले.

"कुत्रं आण, बकरं आण. मांजर नको रे बाबा! वाटेत मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला मी जाऊ?"

मांजर हातून मेलं की आपल्याकडं हेच प्रायश्चित्त सांगतात. लहानपणी मला त्याचं हसू यायचं... परवा नाही आलं. गार्ड घेत नसेल तर मास्तर मांजराचं तिकीट देईनात, आणि गार्ड तर करंडीकडं बघायलाही तयार नाहीत.

रांगेतला एक पटकेवाला मोठ्यानं म्हणाला, "पावनं, मांजर आडवं गेलं तर आमी माघारी फिरतो, आन् तुमी बरूबर घिऊन निघालाय व्हय!" सगळी रांग हसली. मनी आतून ओरडत होती.

गाडी आली. निम्मी फौजेतल्या पोरांनीच भरलेली. माझं तोंड बघून गार्डसाहेब जरा नरमले. "डब्यातल्या माणसांची हरकत नसेल तर मी काही बघितलं नाही. पण मेलं तर कुणाच्या माथी, ते तुमचं तुम्ही ठरवा."

डब्याच्या दारातच एक बाई आडवी आली. "आमची सून पोटुशी हाय. हितं मांजर मेलं म्हंजी?"

मी म्हटलं, पाप माझं. "तुजं कसलं रं? तू मधल्याच ठेसनात उतरून जाशील!" माझ्याकडं बघून कसं ओळखलं, कोण जाणे... याआधी मी तसा उतरलोही आहे.

शिट्टी झाली. माझा एक पाय फळीवर, एक खाली. ही गाडी गेली तर परत मेढा... आणि तिकडं आक्का रोज थोडी थोडी संपत चाललेली.

दाराशी गाठोड्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं हात पुढं केला. "आन हिकडं. माज्या पदरात टाक. मेलं तर पाप माजं."

"आवं आज्जी, असं काय बोलता?" ती बाई दचकलीच.

"माज्याकडनं न्ह्यायचं ते देवानं न्हेलंय. आता आनि काय न्हेनार?"

ती बाई दारातून बाजूला सरली. मी आत चढलो.

म्हातारी कुंडलची. मुलगा ब्रह्मदेशात लढाईवर, त्याची कितीतरी दिवसांत खबर नाही. साताऱ्याला फौजेच्या कचेरीत विचारायला गेली होती. "जिता म्हनत न्हाईत, मेला म्हनत न्हाईत," म्हणाली. "गावात कुनी म्हनतं सुनंचं कुकू पुसा, कुनी म्हनतं नका पुसू... मी काय करू, सांग बरं?"

मी तिच्या पदरातली करंडी नीट केली.

कऱ्हाड गेल्यावर मनी एकदम गप्प झाली. करंडी हलवून बघितली तरी आवाज नाही. झाकण उघडायचा धीर होईना... समोरची बाई सुनेला घेऊन पलीकडं सरकली.

म्हातारीनं सुतळी सैल केली आणि हात आत घातला. किती तरी वेळ तसाच. मग म्हणाली, "ऊन हाय. जित्तं हाय रं."

तो हात तिनं कुंडलचं स्टेशन येईपर्यंत बाहेर काढला नाही. उतरताना सुतळी पुन्हा बांधली, करंडी माझ्या मांडीवर ठेवली आणि मागं न बघता गेली.

मिरजेला गाडी बदलून सांगली गाठली. करंडी उघडली, तशी मनी जी सुटली ती थेट धान्याच्या पिंपामागं. आक्का पिंपासमोर जमिनीवर बसून राहिली. संध्याकाळ झाली तरी तिथंच... मग मागच्या अंधारात हात घालून म्हणाली, "ये गं मने. ये."

आणि त्यावर जी रडायला लागली... दाजी उठून अंगणात गेले. ताटाला आक्कानं अजून हात लावलेला नाही. पण मनीला दूध तिनं स्वतः दिलं.

मी इथून बेळगावकडं सटकणार होतो. आता उद्या आधी कुंडलला जातोय. म्हातारीनं काही कळवायला सांगितलं नव्हतं, पण मनी जिवंत पोचली, हे तिला कुणीतरी नक्की सांगायला पाहिजे... तिला नक्की असं कुणी काही सांगतच नाही.

नाव विचारायचं राहिलं. गाव मोठं आहे. ब्रह्मदेशात मुलगा हरवलेलं घर कुठलं, असं विचारीन... एकच घर दाखवलं म्हणजे बरं.