चारावर झालेलं एकमत

किल्लीवाल्या मावशींचा राग हल्ली नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला होता. नवरा गेल्यावर वीस वर्षं त्यांनी त्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान एकटीनं रेटलं. आता संधिवातानं बोटं धरली आणि हातात कानस टिकेना. दवाखान्यात नवं इंजेक्शन आलं होतं, ते मिळालं तर दुकान राहणार होतं. अट एकच: दोन डॉक्टरांनी वेगवेगळं दाबून पाहायचं आणि दोघांनाही निदान सहा सांधे दुखरे सापडायला हवेत.

मोठे डॉक्टर दाराची बेल दाबावी तसा सांधा दाबत. मावशी किंचाळत. आकडा नऊ. धाकट्या डॉक्टरीणबाई नुसतं बोट टेकवून विचारत, "दुखतं का हो?" एवढ्या गोड पोरीचं मन कसं मोडायचं? "नाही गं, फारसं नाही." आकडा तीन. दोनदा हेच झालं आणि दोनदा मावशी हात हलवत परत आल्या.

"बोटं माझी, दुखणं माझं, आणि आकडा यांच्या मर्जीचा!" त्या सुनेवर खेकसल्या.

"मग मला का ओरडताय? त्यांना ओरडा की!" सूनही काही कमी नव्हती.

तिसऱ्या खेपेला नर्सबाईंनीच दोघा डॉक्टरांना सुनावलं, "स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत दाबायचं. कमी नाही, जास्त नाही. आणि मावशी, तुम्ही भीड धरायची नाही."

आधी मोठ्यांनी तपासलं, मग धाकट्यांनी. दोघांनी कागद शेजारी ठेवले. चार आणि चार.

"जुळलं!" मोठे डॉक्टर हरखून म्हणाले.

"जुळलं? डोंबल जुळलं!" मावशींचा आवाज फुटला. "माझं दुकान बुडालं, आणि तुम्ही कसले खूश होताय?"

सून त्यांच्याकडे निरखून बघत होती. "आई, सकाळी दुखण्याची गोळी घेतलीत?"

मावशी खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आई!"

"दोन घेतल्या."

"तपासणीच्या दिवशी घेऊ नका म्हणून कानीकपाळी ओरडले होते ना मी!"

"ओरड अजून! गोळीशिवाय बटणं लागत नाहीत मला. सुनेच्या हातून कपडे घालून घेऊ? लाज वाटते गं मला."

सुनेनं कपाळाला हात लावला. मग नाक ओढून म्हणाली, "उद्या मी घालणार. आणि तुम्ही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी चारावर काट मारली आणि खाली उद्याची तारीख घातली.